बाभळीची माणसं

३ नोव्हेंबर

घर मिळालं, आणि चांगलं मिळालं. इंदूरजवळ राऊला, महू रोडपासून थोडं आत, नव्या कॉलेजच्या इतकं जवळ की दुपारी जेवायलासुद्धा घरी येता येईल. वरचा मजला आमचा, खाली घरमालक, अच्युतकाका आणि सरोजिनीकाकू. काका शाळेत गणित शिकवायचे, आता रिटायर. टेम्पो आला तेव्हा दोघं गेटपाशी उभेच होते. काकू म्हणाल्या, “सामान होत राहील बेटा, आरामसे. पहिले चहा पिऊन घे.” त्यांचं ते मराठी ऐकून तन्वी खुदकन हसली. मार्चनंतर पहिल्यांदा.

मार्चमध्ये रजत गेला. ऑफिसात, खुर्चीवर बसल्या बसल्या. त्यानंतर अमरावतीचं घर आम्हा दोघींना पुरून उरायला लागलं, म्हणून ही नोकरी मागून घेतली. नवीन गाव, तन्वीला नवीन शाळा, मला नवीन डायरी. स्वानंददादा रागावलाय. सात वर्षांच्या पोरीला घेऊन एकटीनं परराज्यात कशाला जायचं, असं त्याचं म्हणणं. पण आज बरं वाटतंय.

रजतने लावलेल्या मोगऱ्याची कुंडी मी टेम्पोत मांडीवर घेऊन बसले होते. गच्चीत ठेवली. एक पानही मोडलं नाही.

५ नोव्हेंबर

मागच्या अंगणात एकच झाड आहे, आणि वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईला त्याचं नाव सांगता येत नाही. बाभळीच्या कुळातलं, एवढं नक्की. काटे बोटाएवढे, बुडाशी फुगीर. खाली पडलेला एक उचलून पाहिला तर आतून पोकळ. पानांच्या देठांवर बारीक गाठी आहेत, त्यांतून मधासारखा थेंब पाझरतो. खोडावरचा डिंकही तसाच, पिवळा, मऊ.

अशा झाडांबद्दल मी वर्गात शिकवते. झाडाला पळता येत नाही, त्यामुळे चरायला येणाऱ्यांपासून वाचायचे त्याचे मार्ग वेगळे. कुणी काटे काढतं, कुणी पानं कडू करतं, कुणी मुळांतून असं काही सोडतं की शेजारी दुसरं रोप धरू नये. आणि काही बाभळी नोकर ठेवतात. मुंग्या. पोकळ काट्यांत त्यांना घर, देठावरच्या थेंबांचं जेवण, आणि बदल्यात त्यांनी राखण करायची. पान खायला येईल त्याला चावायचं, बुंध्याजवळ परकं रोप उगवलं तर कुरतडून टाकायचं.

मी बराच वेळ शोधलं. या झाडावर एकही मुंगी नाही. काटे सगळे रिकामे.

खालची जमीन मात्र सारवल्यासारखी स्वच्छ. काका सकाळी तिथे उकिडवे बसतात आणि उगवलेला एकेक कोंब नखाने उपटतात. इंदूरच्या स्वच्छतेबद्दल ऐकून होते, ती माणसांत इतकी मुरली असेल असं वाटलं नव्हतं.

९ नोव्हेंबर

रविवार. कोपऱ्यावरून पोहे-जिलबी आणली, वर भरपूर शेव. खालीही एक ताट नेऊन दिलं. काकूंनी ते कौतुकाने घेतलं आणि झाकून ठेवलं. संध्याकाळी तेच ताट गेटबाहेर कुत्र्यापुढे दिसलं. इंदूरच्या माणसाने पोहे नाकारावेत याचं नवल वाटलं. काका ओशाळून म्हणाले, “आमचं पोट जरा वेगळं आहे स्मिताजी, वाईट नका वाटून घेऊ.” त्यांच्या स्वयंपाकघरातून फोडणीचा वास कधी येत नाही, हे आज लक्षात आलं. चहा तेवढा होतो, तोही पाहुण्यांपुरता.

तन्वीने जिलबीचा तुकडा मोडला आणि बोटं पुसून टाकली. घरात स्वयंपाक रजत करायचा. त्याच्या हातची चव नसली की ती ताट बाजूला सारते, आणि ती चव मी कुठून आणू? निघताना अमरावतीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की वजन आणखी उतरलं तर भरती करावं लागेल. तिची हाडं मला झोपेत टोचतात.

१५ नोव्हेंबर

तन्वी जेवली.

कॉलेजातून आले तर ती काकूंच्या ओट्यावर पाय हलवत बसली होती आणि वाटीतून काहीतरी चाटून खात होती. झाडाचा डिंक, नुसताच. काकू त्याला गोंद म्हणतात. “पोरगी काहीच खाईना न बेटा,” त्या म्हणाल्या, “माझ्याच्यानं पाहवलं नाही.” वाटी संपल्यावर तन्वीने आणखी मागितला. रजत गेल्यापासून तिने काहीही मागितलं नव्हतं. मी वाकून काकूंच्या पाया पडले. त्यांनी मला उठवलं तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते, पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, झाडाकडे बघत होत्या.

बाभळीचा डिंक आपल्याकडे बाळंतिणीला देतात. काळजीचं काही नाही.

२८ नोव्हेंबर

तन्वीचे गाल भरले. शाळेत मैत्रिणी झाल्या, संध्याकाळी गेटवर झोके घेते. दादाला व्हिडिओवर दाखवली तर तोही राग विसरला.

एकच गोष्ट. माझ्या हातचं ती अजून खात नाही. आज वरण-भाताचे दोन घास प्रेमाने भरवले, तिने माझ्या समाधानासाठी गिळले, आणि बाथरूममध्ये जाऊन ओकली. बाहेर येऊन मलाच सॉरी म्हणाली.

झाडापासून लांब, कुंपणाकडेला मी मेथी पेरली होती. छान वर आली होती. आज सगळी उपटलेली. कुणी विसकटलेली नाही, एकेक रोप मुळं वर करून ओळीत मांडून ठेवलेलं. खारी असं करत नाहीत. काकांना विचारायला गेले, पण ते रस्त्यावर एका बकरीमागे धावत होते. बकरीने कुंपणातून तोंड घातलं होतं. हा माणूस एरवी जिन्याच्या चार पायऱ्या चढला तरी दम खातो.

७ डिसेंबर, अमरावती

दादाकडे सुट्टीला आलो आणि सगळं फिसकटलं. पहिल्या दिवसापासून तन्वीच्या पोटात काही ठरत नाही. दूध, पेज, बिस्किट, साखरेचं पाणीसुद्धा बाहेर येतं. काकूंनी डबीत डिंक दिला होता. उघडला तर काळा पडलेला, जिभेला लावला तर कडूजहर. काल सलाइन लावलं. रिपोर्ट सगळे नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, अन्न पोटात जातंय पण अंगी लागत नाहीये, कारण कळत नाही. दादा कॉटशेजारी बसून तिचे पाय चोळत होता. तिने डोळे उघडून एवढंच म्हटलं, “आई, घरी जाऊ.”

मला वाटलं ती रजतच्या घराबद्दल बोलतेय. ती राऊबद्दल बोलत होती.

९ डिसेंबर

दादाशी भांडून गाडी केली आणि तिला घेऊन आले. काकू वाटी घेऊन गेटपाशीच उभ्या होत्या, कुणी कळवलं नव्हतं तरी. तन्वी गाडीतून उतरून स्वतःच्या पायांनी चालत गेली. तासाभरात तिच्या ओठांवर रंग आला.

मला आनंद व्हायला हवा होता.

११ डिसेंबर

आज विद्यार्थ्यांसमोर बोलता बोलता माझी जीभ अडखळली. मुंग्या आणि बाभूळ. त्यातला एक भाग मी दरवर्षी गंमत म्हणून सांगते. झाडाच्या रसात असं द्रव्य असतं की तो एकदा प्यायला की मुंगीच्या पोटातली साखर पचवायची शक्ती बंद पडते. मग तिला बाहेरची कुठलीच साखर चालत नाही. झाड तिला आधीच पचवून ठेवलेला गोडवा देतं, तेवढ्यावरच ती जगते. म्हणून ती झाड सोडून जात नाही. राखण करते ती प्रेमाने नाही, पोटासाठी. मुलं हसली. मी खडू ठेवला आणि तास सोडून घरी आले.

काकू ओसरीवर ऊन घेत बसल्या होत्या. मी सरळ विचारलं, तुम्ही शेवटचं जेवण कधी जेवलात? त्यांनी लपवलं नाही. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा सासूबाईंनी पहिली वाटी दिली होती, म्हणाल्या. काकांना तर पाळण्यातच मिळाली. आणि मग भूषणचं सांगितलं. त्यांचा मुलगा. मला आजवर माहीत नव्हतं की त्यांना मुलगा होता.

भूषणला पुण्याला नोकरी लागली. काकू नको म्हणाल्या, काका म्हणाले, जाऊ दे, निदान एक तरी सुटेल. पुण्यात तो खात होता आणि वाळत होता. काका त्याला परत आणत होते, पण सेंधव्याच्या पुढे गाडीतच —

“घर अजून दूर होतं न बेटा,” काकू म्हणाल्या. “मी इथे वाटी भरून बसले होते.”

मी विचारलं, मग माझ्या मुलीला का दिलंत? सगळं माहीत असून?

त्या म्हणाल्या, “ती मरत होती स्मिता. हे तर खोटं नाही न.” आणि नंतर, झाडाकडे बघत, “आणि आमच्यानंतर कोण आहे याला?”

मी त्यांच्यावर ओरडणार होते. पण त्या रडत होत्या. मी शेजारी बसले आणि मीही रडले. दुसरं काय करणार?

१९ डिसेंबर

वीज कंपनीचा लाइनमन तारेला लागणाऱ्या फांद्या तोडायला आला. त्याने शिडी लावली आणि पहिली डहाळी कापली. हिरवा, तिखट वास पसरला, गवत कापल्यावर येतो तसा, पण नाकात झोंबणारा. झाडांचं हे ओरडणंच असतं. एका झाडाचं पान फाटलं की त्या वासाने शेजारची झाडं सावध होतात. कधी त्याच वासाने राखणदार धावून येतात.

तन्वी वर माझ्यासमोर बसून पाढे लिहीत होती. वास आला आणि तिची पेन्सिल गळून पडली. जिन्यावरून ती खाली धावली. मी पोचेपर्यंत काका, काकू आणि ती, तिघं शिडीला भिडले होते. कुणाच्या तोंडून शब्द नाही. लाइनमन गोंधळून म्हणत होता, “भिया, संभालो बच्ची को,” आणि तन्वीने त्याच्या मनगटात दात रोवले.

मी तिला ओढून काढलं. तिच्या हनुवटीवर त्याचं रक्त होतं. मी मलमपट्टी केली, हात जोडून माफी मागितली. तो भला माणूस, पोलिसांत गेला नाही. म्हणाला, लहान आहे, घाबरली असेल.

ती घाबरली नव्हती. मी तिचा चेहरा पाहिलाय.

२ जानेवारी

मोगरा गेला.

सकाळी गच्चीत गेले तर कुंडी रिकामी. आत आले तर रोप माझ्या ताटाशेजारी ठेवलेलं, मुळांची माती धुऊन काढलेली, जपून, जसं एखाद्याला अंघोळ घालून ठेवावं. तन्वी समोर बसली होती. मी तिला रागावले नाही. विचारलं, अगं, बाबांनी लावलं होतं ना ते?

ती म्हणाली, “ते इथलं नव्हतं, आई.”

पण बाबांचं होतं, मी म्हटलं.

तिने खरंच विचार केला. मग हळूच म्हणाली, “बाबा पण इथले नव्हते.”

मी ते रोप पाण्यात ठेवलंय. जगणार नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. तन्वीने तिळगूळ तोंडात घेतला नाही. मी जवळ ओढायला गेले तर ती आखडली. माझ्या मानेपाशी नाक आणलं आणि मागे सरली. रागाने नाही. अनोळखी माणसापासून सरावं तशी.

म्हणाली, आई, तुझा वास वेगळा येतो. काकूंचा येतो तसा नाही. तिला झोप लागत नाही माझ्याजवळ.

तिची उशी घेऊन ती खाली गेली. मी स्वतःच उशीला अभ्रा घालून दिला.

१८ जानेवारी

कोयता आणला. दुपारी सगळे पडलेले असताना मी झाडापाशी गेले. एकच घाव. मागून काकूंचा आवाज आला. “काप बेटा. मग आम्हा तिघांचं पण करून टाक.” त्या अडवायला आल्या नाहीत, भिंतीला टेकून खाली बसल्या. काका दारात, छातीवर हात धरून. आणि तन्वी माझ्या आणि खोडाच्या मध्ये. ओठ मागे ओढलेले. दात —

माझी पोरगी. मी कोयता टाकला.

२० जानेवारी

डिंक थांबला. घावाच्या वर-खाली, देठांवर, कुठेच थेंब नाही. काका उठत नाहीत. तन्वी बुंध्याला गाल लावून पडलेली. ओठ पुन्हा पांढरे. मी गूळपाणी दिलं, ओकली. झाडाला पाणी घातलं. घावावर माती लिंपली. हात जोडले. मी, पीएचडी झालेली बाई, झाडापुढे हात जोडून —

२१ जानेवारी

काल ऊन उतरताना बुंध्याशी एक कोंब दिसला. कडुलिंबाचा असावा. काका उठले नव्हते म्हणून राहिलेला.

मी तो नखाने उपटला.

अंधार पडायच्या आत खोडावर पिवळा थेंब आला. तन्वीने चाटला. काकूंनी काकांना बोटाने भरवला. मला कुणी विचारलं नाही.

२३ जानेवारी

दादाचा फोन. लाइनमनचं कुठून तरी त्याच्या कानावर गेलंय. रविवारी येतोय, तन्वीला नागपूरच्या मोठ्या हॉस्पिटलात नेणार, मी नाही म्हटलं तरी. त्याला सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, स्मिता, तुला आरामाची गरज आहे.

तो नेईल. तो माझा सख्खा भाऊ आहे, जीव लावणारा. तो तिला उचलून गाडीत घालेल आणि ती वाटेत —

सेंधवा नाही. बैतूलच्या आसपास कुठेतरी.

२४ जानेवारी

तन्वी जेवली. मला तिच्यापासून दोन हात लांब बसावं लागतं. तिचे केस विंचरायला काकू. शाळेचा गणवेश काकू. मी बघते.

तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल वैर नाही. काहीच नाही. ते जास्त —

रजत, मला सांग ना. कुणी तरी सांगा.

२५ जानेवारी

सकाळ. दादा पहाटेच निघालाय. दुपारपर्यंत पोचेल.

मला इथून पळता येईल. एकटीला. पचतंय मला सगळं अजून. पोहे पचतील, वरण-भात पचेल. मी साठ वर्षांची होईन, आणि ती इथे —

नाही.

काकूंना सांगितलं. त्यांनी वाटी ओट्यावर ठेवली. नको गं, म्हणाल्या. एकदाच म्हणाल्या. मग आत गेल्या.

एक बोट. दोन.

गोड. रडू येईल इतकं —

तन्वी आली. समोर उभी. मान हुंगली, केस, तळहात. मग मांडीवर डोकं ठेवलं. किती दिवसांनी. उन्हाने गरम झालेले केस. एका हाताने लिहितेय, दुसरा तिने धरलाय. सोडत नाही.

पुन्हा भूक. तन्वीने वाटी पुढे केली. मला भरवतेय ती.

गेट वाजलं. लवकर आला दादा.

काका उठले. काकू दारात. तन्वीने डोकं उचललं.

त्याचा वास इथपर्यंत येतोय. दादाचाच. पण — परका — इतका परका की माझे दात —